वाल का शिजत नाहीत?

शेवडे बाई गेल्या हे मला कळलं तेव्हा मी कॉलेजच्या हॉलमध्ये एका मुलीचा फसलेला प्रयोग ऐकत होते. विद्यापीठाची विद्यार्थ्यांसाठी संशोधन स्पर्धा असते. तिच्यासाठी आमच्या रोह्याच्या कॉलेजातून कोणते प्रकल्प पाठवायचे, याची निवड त्या दिवशी चालली होती. भिंतीला तक्ते टेकवून मुलं उभी होती, कुणाच्या हातात बाटली, कुणाच्या हातात कुंडी, आणि सगळ्यांना आपला नंबर कधी लागतो याची घाई. ही मुलगी पहिल्या वर्षाची. शेवग्याच्या बियांची पूड घातली की गढूळ पाणी निवळतं असं तिने वाचलं होतं आणि कुंडलिका नदीचं पाणी आणून ते करून पाहिलं होतं. "मॅडम, निवळलं," ती म्हणाली, "पण मग त्याला वास यायला लागला." तेवढ्यात माझा फोन थरथरला. रंजनाचा होता. रंजना माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, ती कामाच्या वेळात कधी फोन करत नाही, म्हणून घेतला. "मनीषा, बाई गेल्या," ती म्हणाली. "पहाटे. पेणला, घरीच. झोपेत…" मी फोन ठेवला तेव्हा ती मुलगी तक्ता सावरत म्हणाली, "मी थांबू का मॅडम?" मी म्हटलं, "नको. वास कधीपासून यायला लागला, ते सांग." तिने सांगितलं. झाकण लावलेल्या बाटलीत आधी आला आणि उघड्या बाटलीत उशिरा, हेही तिने पाहून ठेवलं होतं. मी तिचं सगळं शेवटपर्यंत ऐकलं, आणखी काही प्रश्न विचारले, आणि मग मागच्या व्हरांड्यात जाऊन रडले.

दुपारी पेणला पोहोचले. गणपती तोंडावर आलेले, त्यामुळे बाईंच्या घराकडे जाणारा रस्ता प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या मूर्तींच्या टेम्पोंनी अडला होता. मी मधेच उतरून चालत गेले. घराच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती. एक जण पहिली शिफ्ट संपवून कंपनीच्या निळ्या कपड्यांत थेट आलेला. एक जवळच्या जोहे गावचा मूर्तिकार, ऐन हंगामात कारखाना सोडून आलेला, नखांत अजून माती. सगळे बाईंचे जुने विद्यार्थी. मयताच्या घरी माणसं जशी हळू आवाजात बोलतात तशीच ती बोलत होती, पण बोलत होती आपापल्या प्रयोगांबद्दल. मूर्तिकार सांगत होता की शाडूला तडे सावलीत कमी जातात की ओल्या फडक्याखाली, हे पाहायला बाईंनी त्याला अख्खा पावसाळा लावला होता. कंपनीवाल्याने मधेच विचारलं, "आणि कागदाचा लगदा घातलास तर?" मग लगद्यावरून दोघांचे आवाज चढले. एवढ्यात शेवडेकाका, म्हणजे बाईंचे यजमान, दारात येऊन उभे राहिले. दोघंही वरमून उठले. काकांनी क्षणभर सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "मग? लगद्याने तडे थांबले का?"

असं ते घर होतं.

बाई वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. राहायला पेणला, नोकरी रोह्याला. रोज रेल्वेगाडीने यायच्या आणि गाडीनेच जायच्या. बुटकी मूर्ती, चालण्यात घाई, खांद्याच्या पिशवीत कायम पोह्याचे पापड, आणि कुणीही काहीही ठासून सांगितलं की त्यांचा एकच शब्द, "कशावरून?" तो त्या इतक्या उत्सुकतेने विचारायच्या की समोरच्याला राग यायचा नाही, उलट आपणही कशावरून म्हणतोय ते शोधावंसं वाटायचं. त्यांच्या नावाआधी डॉक्टर कधी लागलं नाही. तरीही आमच्यासारख्या साध्या बी.एस्सी.च्या मुलांना संशोधनाला लावायचं त्यांना वेड होतं. स्टाफरूममध्ये एकदा कुणी सर म्हणाले होते, "शेवडे मॅडम, ही पोरं उद्या कंपनीत शिफ्टला जाणार. यांना संशोधन कशाला?" बाई म्हणाल्या, "का? शिफ्टला जाताना डोकं घरी ठेवून जातात?" आम्ही बाहेर उभ्या होतो, म्हणून हे ऐकायला मिळालं.

माझी गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. मी दुसऱ्या वर्षाला होते. बाहेर पाऊस कोसळत होता, वर्गात निम्मी मुलं आलेली. बाईंनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "तुमच्या घरी असं काय मानतात, जे आजवर कुणीच तपासून पाहिलेलं नाही?" कुणी अमावास्येला लावलेल्या रोपांचं सांगितलं, कुणी दृष्ट लागलेल्या आंब्याचं. माझ्याकडे बोट आलं तेव्हा मला वालच आठवले. आमचं गाव रोह्यापासून आत, डोंगराच्या कुशीत. भात कापलं की त्याच जमिनीच्या ओलीवर वाल. वर्षभराचं बिरडं घरच्या वालांचंच. मी म्हटलं, "बाई, आमच्या गावच्या विहिरीच्या पाण्यात वाल लोण्यासारखे शिजतात. पण नाल्यापलीकडे आदिवासी वाडीची विहीर आहे, तिचं पाणी जड आहे. त्यात वाल शिजत नाहीत." मी हे ऐकतच मोठी झाले होते. चैत्रात आमच्या विहिरीचा तळ दिसायला लागला की बायका वाडीची विहीर ओलांडून पार ओढ्यातल्या झऱ्यापर्यंत हंडे घेऊन जायच्या. कुणी विचारलं तर कारण हेच. वाल शिजत नाहीत.

मागच्या बाकावरून आवाज आला, "त्याच पाण्यात आमच्याकडे वाल शिजतात."

ती रंजना होती, त्याच वाडीची. आम्ही दोघी एकाच एस.टी.ने यायचो. मी पुढे बसायचे, ती मागे. तोवर आमचं बोलणं म्हणजे गाडी आली का, एवढंच. विषय वालांचा राहिलेला नाही, हे सगळ्यांना कळत होतं. आता बाई मला काहीतरी सुनावणार, या भीतीने माझे कान तापले. पण बाईंचा चेहरा खुलला होता. त्या टेबलावर हात टेकून पुढे वाकल्या. "वा," त्या म्हणाल्या. "एक म्हणते शिजत नाहीत, एक म्हणते शिजतात. कशावरून? दोघींनीही सांगायचं. आणि दोघींनी मिळून सांगायचं."

तिथून पुढचे महिने आठवले की आजही मी बसल्या जागी ताठ होते. पाणी आणण्यापासूनच धमाल. मी आमच्या विहिरीचं पाणी आणायचे, रंजना वाडीच्या. एस.टी.त दोन कॅन चढवले की कंडक्टर म्हणायचा, "रोह्यात पाणी नाय काय गो पोरींनो?" रंजना सांगायची, "हाय, पण त्यात वाल घातलेले नायत अजून." एका रविवारी पाणी भरायला मीही वाडीवर गेले. आमच्या घरापासून वाडी हाकेच्या अंतरावर, तरी मी तिथे पहिल्यांदाच गेले होते. रंजनाच्या आईने कोरा चहा दिला आणि मी तो पिईपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पाण्याची परीक्षा घेतात व्हय? घ्या की. पाणी कशाला भितंय."

शिजवायचं कॉलेजच्या प्रयोगशाळेत. बाईंनी सगळं शिस्तीत लावून दिलं. वाल तिसऱ्याच एका घरचे, एकाच गोणीतले. पातेली सारखी, आच सारखी, पाणी मात्र निरनिराळं, आमचं, वाडीचं आणि कॉलेजच्या नळाचं. कुठल्या कॅनमध्ये कुठलं पाणी हे प्रयोगशाळेतल्या पांडूकाकांनाच माहीत. त्यांनी कॅनला खुणा केल्या आणि ओठ मिटून घेतले. "तुम्हाला माहीत असलं की तुमचा अंगठा खोटं बोलेल," बाई म्हणाल्या. "अंगठ्याचा दोष नाही. त्याला घरचं पाणी आवडतं." वाल रटरटायला लागले की सबंध मजल्यावर वास पसरायचा. पांडूकाका कुरकुरायचे, "बाई, ही लॅब हाय का खानावळ?" एकदा प्राचार्य वासावरून शोध घेत आले, रागावण्याच्या तयारीने. बाईंनी त्यांच्या हातावर वालाचा दाणा ठेवला. "सर, दाबून सांगा. शिजलाय?" सरांनी दाबला. मग दुसरा मागितला. मग खुर्ची ओढून बसले.

पण दाणा शिजला की नाही हे आमच्या अंगठ्याला नीट कळत नव्हतं. आमच्यातच मतभेद व्हायचे. बाई म्हणाल्या, "ज्यांना कळतं त्यांना बोलवू." आणि पुढच्या रविवारी त्या खरंच आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. आई गोंधळली. "मी कॉलेजात येऊन काय करू?" बाई म्हणाल्या, "परीक्षा घ्यायची. परीक्षक म्हणून बोलवायला आलेय." आईने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. तिथून बाई वाडीवर गेल्या आणि रंजनाच्या आईलाही हेच सांगून आल्या. दोघींना एकमेकींचं सांगितलंही. लपवलं काही नाही.

ठरल्या दिवशी आई शेजारच्या काकूला घेऊन आली. चांगलं लुगडं नेसलेली. रंजनाची आई आधीच येऊन दाराशी उभी होती. बाईंनी सगळ्यांना उंच स्टुलांवर बसवलं. आईचे पाय जमिनीला पोहोचेनात, तिला हसू आवरेना. मग बशा आल्या. क, ख, ग. प्रत्येकीने दाणे घेतले, अंगठा आणि तर्जनीत दाबले, जिभेवर ठेवले. एवढ्या शांततेत मी कधीच कुणाला वाल खाताना पाहिलं नव्हतं. आईने दोनदा दाबून पाहिलं आणि ख ची बशी पुढे सरकवली. "हे आमच्या विहिरीचं. बघा, कसं लोणी झालंय." शेजारची काकू म्हणाली, "व्हय, हेच." रंजनाच्या आईने बराच वेळ घेतला. "मला तर सगळे सारखेच लागतात," ती म्हणाली.

बाईंनी पांडूकाकांकडे पाहिलं. त्यांनी कॅनखालची चिठ्ठी काढून रंजनाच्या हातात दिली. तिने वाचलं, "ख… वाडीची विहीर."

काकू पदर सावरू लागली. मी आईकडे बघू शकत नव्हते. आता ती उठून जाणार, आणि घरी गेल्यावर माझं कॉलेज बंद, एवढंच डोक्यात. आईने बशीतला आणखी एक दाणा उचलला. दाबला. खाल्ला. मग रंजनाच्या आईकडे नाही, माझ्याकडे नाही, बाईंकडे बघून तिने विचारलं, "मंग आमच्या घरी वाल का शिजत नाय? औंदा आमच्याच पाण्यात अर्धे दाणे दगडावानी राहिलेत. मी कुणाला सांगितलं नाय, पण राहिलेत."

मी बाईंना इतकं आनंदलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आईचे दोन्ही हात धरले. "अहो, हाच प्रश्न," त्या म्हणाल्या. "पाणी नाही. मग काय?"

मी मात्र दुसऱ्या दिवशी रडवेली होऊन त्यांच्यासमोर गेले. स्पर्धा जवळ येत होती आणि आमच्याकडे सांगायला काय होतं? पाण्याने काही फरक पडत नाही. "आपला प्रकल्प बुडाला, बाई." त्यांनी पिशवीतून पापड काढला, अर्धा मला दिला. "बुडाला कसला? गावात इतकी वर्षं लोक जे म्हणत होते ते खरं नाही हे तुम्हाला कळलं. हे आजवर कुणाला माहीत होतं का? नव्हतं ना? मग हे सापडलंच की. आता पुढचं शोध."

आईने सांगितलेले दगडासारखे दाणे आम्ही घरून आणले. आमच्याकडे न शिजणाऱ्या दाण्याला गणंग म्हणतात. रात्रभर भिजवले तरी ते फुगत नव्हते. वाडीवरच्या वालांत गणंग जवळजवळ नव्हतेच. मग आम्ही घरोघरी फिरून विचारलं, वाल वाळवता कुठे, किती, ठेवता कशात. लोक हसायचे, पण सांगायचे. भाऊ कंपनीत लागल्यावर आम्ही अंगणात सिमेंट घातलं होतं आणि तेव्हापासून आई वाल त्या तापलेल्या सिमेंटवर कडकडीत होईपर्यंत वाळवायची. कीड लागू नये म्हणून. वाडीवर सारवलेल्या जमिनीवर वाळवून, संध्याकाळी गोळा करून राखेत ठेवायचे. बाई म्हणाल्या, "टरफल बघा. पाणी आत जाऊ देतंय का, ते बघा." मग आम्ही गणंग दाणे घेतले आणि रंजनाने पॉलिश पेपरवर एकेक दाणा एका बाजूने किंचित घासला. निम्मे घासलेले, निम्मे तसेच. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले आणि घरी गेलो.

सकाळी मी एस.टी.तून उतरले ती धावतच निघाले. रंजना माझ्यापुढे. जिन्यावर तिची चप्पल निसटली ती तिने घेतलीच नाही. फडकं उघडलं. घासलेले सगळे दाणे टम्म फुगले होते, काहींना तर मोडाचं नाक दिसत होतं. बाजूचे तसेच, खडे. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि काय करावं ते न सुचून मी तिला मिठी मारली. पहिल्यांदा. बाईंची गाडी यायला वेळ होता, तोवर आम्ही पांडूकाकांना दाखवलं, प्राचार्यांना दाखवलं, झाडूवाल्या मावशींना दाखवलं. बाई आल्या तेव्हा त्यांनी दाणे पाहिले, खाली बसल्या आणि म्हणाल्या, "परत करा." आम्हाला वाटलं काही चुकलं. "चुकलं नाही गं," त्या म्हणाल्या. "मला परत बघायचंय."

याच सुमाराला दिवाळी झाली आणि रंजनाच्या घरचे वीटभट्टीवर निघाले. दरवर्षी निघायचे. धाकट्या भावंडांना सांभाळायला रंजनाने बरोबर जायचं हेही दरवर्षीचंच. ती कॉलेजात येऊन म्हणाली, "बाई, मी जाणार नाय. प्रयोग अर्धा हाय." बाई म्हणाल्या, "हे मला नको, बाबांना सांग." ती वडिलांना घेऊन आली. उंच, काटकुळा माणूस, टोपी हातात धरून उभा. "पर्योग म्हंजे काय ते दाखीव," ते म्हणाले. रंजनाने त्यांना फडकं उघडून दाखवलं, घासलेले आणि न घासलेले. त्यांनी दोन्ही दाणे नखाने टोकरून पाहिले, पुन्हा पुन्हा. "आन् हे किती दिस चालंल?" "माहीत नाय बाबा." त्यांनी थोडा विचार केला. "संपलं की ये," म्हणाले, आणि गेले. तो हिवाळा रंजना पेणला बाईंकडे राहिली. रोज सकाळी दोघी एका गाडीने यायच्या. गाडीतून उतरतानाही त्यांचं काहीतरी चाललेलंच असायचं, बहुतेक वेळा वाद.

मुंबईला विद्यापीठात गेलो तेव्हा आमच्या तक्त्याशेजारी मोठमोठ्या कॉलेजांचे तक्ते होते, रंगीत छापलेले. आमचा हाताने काढलेला, त्यावर आईच्या अंगणाचं चित्र. परीक्षकांपैकी एकांनी चष्मा काढून विचारलं, "टरफल कडक झालं की पाणी आत जात नाही, हे पुस्तकात आहे. यात तुमचं नवीन काय?" रंजना म्हणाली, "टरफलाचं पुस्तकात आहे सर. आमच्या विहिरीचं पुस्तकात नव्हतं." मग तिने त्यांना सगळं सांगितलं, चैत्रातले हंडे, झऱ्याची वाट, क ख ग च्या बशा, आई काय म्हणाली ते. ते परीक्षक बाकीच्या परीक्षकांना बोलावून म्हणाले, "हे ऐका." तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

आम्हाला बक्षीस मिळालं नाही. परतताना मी खिडकीकडे तोंड करून बसले होते, आणि बाई रंजनाला विचारत होत्या, "राखेत ठेवलेल्या वालांत गणंग कमी, ते राखेमुळे की आधी कमी वाळवल्यामुळे?" पनवेल गेलं, आपटा गेलं. पेण यायच्या आत त्यांनी पुढच्या वर्षाचा प्रयोग ठरवला होता आणि मीही खिडकी सोडून त्यात ओढली गेले होते. कॉलेजात आमचा सत्कार झाला तेव्हा प्राचार्य भाषणात म्हणाले की आपले ग्रामीण विद्यार्थी म्हणजे गणंग दाणे, शेवडे मॅडमनी त्यांना घासलं आणि अंकुर फुटला. टाळ्या पडल्या. बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "दाण्याचं दाण्यापाशी राहू द्यावं. तुम्ही कुठे कडक होतात? तुम्हाला कुणी विचारलंच नव्हतं."

गावात काय झालं, ते मला नेहमी विचारतात. त्या चैत्रात आमच्या विहिरीचा तळ दिसला तेव्हा आईने हंडा घेतला आणि झऱ्याच्या वाटेला न लागता नाल्यापलीकडे गेली. एकटी. रंजनाची आई विहिरीवरच होती, तिने दोर पुढे केला. परत येताना वाटेत कुणीतरी विचारलं, "काय गो, तिकडचं पाणी?" आई म्हणाली, "मी कॉलेजात जाऊन तपासून आलेय." मग शेजारची काकू गेली, आणखी दोघी-तिघी गेल्या. सगळ्या गेल्या असं मी म्हणणार नाही. काही घरं झऱ्यावरच जात राहिली, पुढे नळाचं पाणी आलं आणि कोण कुठे गेलं असतं हा प्रश्नच राहिला नाही. पण आमच्या घरचे वाल त्या वर्षापासून सारवलेल्या जागेवर वाळतात, आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचं कारण सांगते, पाणी, टरफल, सगळं, अगदी रंजनाने मुंबईत सांगितलं तसं.

रंजना पुढे एम.एस्सी. झाली. आज ती एका बियाणे संशोधन केंद्रात आहे. वीटभट्टीवरून परतलेले तिचे बाबा तिच्या पदवीदान समारंभाला आले होते, टोपी डोक्यावर. मी रोह्याला शिकवते, नदीपलीकडे अष्टमी गावात राहते. बाई निवृत्त झाल्या, पण त्यांचं रोह्याला येणं थांबलं नाही. आठवड्यातून एकदा तरी दारात हजर. "तुझ्या वर्गात यंदा कुणाला काय प्रश्न पडलाय?" असं विचारून मागच्या बाकावर जाऊन बसायच्या, आणि पोरांमध्ये पोर होऊन हात वर करायच्या. शेवटच्या वेळी आल्या तेव्हा एका मुलाने कुंडलिकेच्या काठच्या शेवाळाचा रंग बदलल्याचं सांगितलं. बाई त्याला तिथल्या तिथे म्हणाल्या, "चल, दाखव." मी तास अर्धा सोडून दोघांच्या मागे नदीवर गेले. पुलाखाली चिखलात त्या पदर खोचून उभ्या होत्या, आणि तो मुलगा त्यांना समजावून सांगत होता…

गेल्या रविवारी रंजना आली आणि आम्ही दोघी पेणला शेवडेकाकांकडे गेलो. गणपती होऊन गेलेले, रस्ता मोकळा. घर नीटनेटकं होतं. काकांनी चहा केला, साखर विसरले, मग उठून आणली. थोड्या वेळाने म्हणाले, "जरा गॅलरीत या. मला एक विचारायचंय."

गॅलरीत, छपराखाली, रंगाच्या रिकाम्या डब्यांत भात लावलेलं होतं. डब्यांच्या दोन ओळी. भिंतीकडची ओळ हिरवीगार, उंच. कठड्याकडची खुजी, पानांची टोकं करपलेली. काका म्हणाले, "हिने जून महिन्यात लावलं. खारीकडच्या, म्हणजे खाडीकाठच्या एका गावातून जुनं बियाणं आणलं होतं. भिंतीकडच्या ओळीला साधं पाणी आणि या ओळीला मिठाचं, एवढंच मला सांगून ठेवलं. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी घातलं. शेजारचे म्हणतात, अण्णा, भाताला मीठ घालताय, ठीक आहे ना तुमचं?" ते हसले. हातातला पाण्याचा मग खाली ठेवत म्हणाले, "रोपं सुकताना बघवत नाहीत गं. ती नाही आता. मीठ थांबवू का?"

रंजना आधीच खाली बसली होती. कठड्याकडच्या ओळीतली रोपं ती एकेक करून बोटांनी बाजूला सारत होती. एका डब्यापाशी तिचा हात थांबला. "मनीषा," ती म्हणाली, "हे बघ." मी वाकले. करपलेल्या पानांच्या मधोमध, त्या खुज्या रोपाच्या पोटातून लोंबीचं टोक बाहेर आलं होतं. कोवळं, फिकट, केसाएवढा बारीक फुलोरा लागलेलं. "निसवलंय," ती म्हणाली. "मिठात निसवलंय."

काकांनी चष्मा लावला. खाली बसायला त्यांना त्रास होतो, तरी कठड्याला धरून ते बसले. आम्ही तिघं त्या डब्याभोवती डोकी एकत्र करून बराच वेळ बघत राहिलो. मग रंजनाने बाजूच्या डब्यातही शोधायला सुरुवात केली, मी पलीकडच्या. काकांनी भिंतीचा आधार घेत उठून पाण्याचा मग उचलला, बरणीतून मिठाचा चमचा भरला, काठाशी बोटाने सपाट केला आणि पाण्यात ढवळत विचारलं, "पोरींनो, दाणे भरायला अजून किती दिवस लागतील?"